एकवीस अक्षरांचे साहेब

आमच्या साहेबांना कॉम्प्युटर येत नव्हता. वाळूजच्या एका कंपनीत ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते, मोठ्या काचेच्या खोलीत बसत होते, आणि त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता. हे मी रागानं लिहिते आहे असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. त्यांच्या हाताखाली मी सोळा वर्षं काढली आहेत.

आमची कंपनी मोटरसायकलींचे मीटर बनवायची. सगळ्या कारखान्यात एसी एकच, तोही आमच्या खोलीत, कारण मशीनला गारवा लागतो असं साहेबांना पुण्याच्या ट्रेनिंगला सांगितलं होतं. ट्रेनिंग बारा दिवसांचं होतं. त्या बारा दिवसांवर साहेबांनी पुढची सगळी नोकरी रेटली. काहीही विचारलं की ते मान वर करून म्हणायचे, "पुण्याच्या ट्रेनिंगला आम्हाला असं सांगितलेलं नाही." विषय संपला.

मे महिन्यात नगर नाक्यापुढचा डांबरी रस्ता चपलेला चिकटायचा, तेव्हाही साहेब पिशवीत मरून रंगाचा स्वेटर घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढायचे. खोलीच्या दाराशी चपला काढायच्या, आमचे शिपाई शेखचाचांनी पुढं केलेल्या ओल्या फडक्यावर पाय पुसायचे, स्वेटर घालायचा आणि मग आत. आम्हालाही तोच नियम. "धूळ म्हणजे मशीनचं विष," असं ते रोज एकदा म्हणत. म्हणून झालं की खिशातून तपकिरीची डबी काढून चिमूट ओढत आणि थेट कीबोर्डवर शिंकत. मग पिवळ्या फडक्यानं कीबोर्ड पुसायचं काम माझं.

एका दसऱ्याला त्यांनी मशीनची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, इथवर ठीक होतं. पण हळदीकुंकू त्यांनी फ्लॉपी घालायच्या फटीवर वाहिलं. मशीन चार दिवस बंद. पुण्याहून इंजिनिअर आला, त्यानं आतून चिमटीनं कुंकू काढून साहेबांच्या टेबलावर कागदावर ठेवलं आणि त्यांच्याकडं पाहिलं. तो गेल्यावर साहेब मला म्हणाले, "नास्तिक दिसतोय."

त्यांच्याकडं एक निळी डायरी होती. तिच्यात कोणतं बटण कधी दाबायचं ते लिहिलेलं. 'एफ-तीन दाबणे. थांबणे. हिरवी अक्षरे आल्यावर एंटर.' डायरी उघडी ठेवून ते एका बोटानं टायपिंग करत. पासवर्ड टाकताना हातावर रुमाल पसरत, कुणी बघू नये म्हणून, आणि मग एकेक अक्षर पुटपुटत टाकत. जी... ए... एन... शेखचाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पासवर्ड त्यांनाही पाठ होता.

मी तिथं डेटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून लागले होते. पुंडलिकनगरात तेव्हा आमच्या वडिलांनी नुकताच प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. गावाकडची जमीन भावकीला कसायला दिलेली. मुलगी एसीत बसते याचं वडिलांना भारी कौतुक. मी दिवसभर काय करते ते त्यांनी कधी विचारलं नाही. मी हजेरीच्या कार्डांवरचे आकडे मशीनमध्ये घालत होते, आणि ते वर्षानुवर्षं घालत राहिले असते, जर प्रकाश आला नसता.

प्रकाश साळवे ट्रेनी म्हणून आला. आपल्या विद्यापीठाचा बीएस्सी आणि वर एक कॉम्प्युटरचा कोर्स. त्या क्लासमध्ये आठ पोरांत एक मशीन होतं, आठवड्यातून एक तास वाट्याला यायचा. मग बाकीचे सहा दिवस हा वहीत प्रोग्रॅम लिहायचा आणि मनातल्या मनात चालवून बघायचा. "वहीत चुकलं की कागद फाडायला लागतो ताई, म्हणून चुकायची सवयच नाय राहिली," असं मला म्हणाला होता.

आल्यानंतर महिन्याभरात त्यानं बसच्या यादीचं काम सोपं केलं. तीन शिफ्टचे लोक, कोण कुठल्या थांब्यावर चढतो, कुठल्या बसमध्ये किती, हे सगळं दर महिन्याला हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे दोन कारकून तीन दिवस बसून हातानं लिहायचे. प्रकाशनं जेवणाच्या सुट्ट्यांत बसून प्रोग्रॅम लिहिला आणि ती यादी वीस मिनिटांत छापून निघाली. भोकाभोकांचा लांबलचक कागद प्रिंटरमधून करकरत बाहेर येताना साहेब पाहत उभे होते. यादी संपल्यावर ते म्हणाले, "हे कोणाच्या परवानगीनं?"

"बघा तरी साहेब, बरोबर हाय का."

"बरोबर आहे की नाही हा प्रश्न वेगळा. परवानगीचा प्रश्न वेगळा."

दुपारी मात्र तीच यादी घेऊन ते जनरल मॅनेजरकडं गेले. काचेतून दिसत होतं. मॅनेजर मान डोलवत होते आणि साहेब हात मागं बांधून लाजल्यासारखं हसत होते. प्रकाश ते बघून म्हणाला, "जाऊ द्या. यादी तर निघाली ना." मला त्याचा रागच आला होता. नंतर त्यानं मला शिकवायला सुरुवात केली, रोज थोडं थोडं, साहेब जेवायला गेले की. फाइल कशी उघडायची, कॉलम कसा टाकायचा, प्रिंट कशी लावायची. आकडे घालण्यापलीकडं या मशीनमध्ये काही आहे, हे मला तीन वर्षांच्या नोकरीनंतर त्यानं सांगितलं.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला.

बाहेरच्या माणसाला हे सांगताना थोडं मागं जावं लागतं. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या शहरात नामांतर हा शब्द म्हणजे बंद, कर्फ्यू, जळालेली एसटी. खेड्यांत त्याहून वाईट. लोकांची घरं जाळली, माणसं गेली. आमच्या घरात तो शब्द निघाला की वडील पेपरची घडी घालून बाहेर जायचे. ते कुठल्या बाजूचे होते हे मला माहीत होतं, म्हणूनच मी विचारत नसे. प्रकाशच्या घरातलं उलटं. त्याचा थोरला भाऊ सत्याग्रहात चौदा दिवस तुरुंगात होता. आईनं गाव सोडलं ते त्याच दिवसांत, एका रात्रीत, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, बसमध्ये, खिडकीकडं बघत. मी "हो का" म्हणाले.

निर्णय झाला त्या दिवशी चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या होत्या आणि कंपनीची बस अर्धी रिकामी. दुसऱ्या दिवशी प्रकाश पेढे घेऊन आला. शेखचाचांनी त्याला मिठी मारली, "मुबारक हो बेटा, लई बरस लगे." मी दोन पेढे घेतले. साहेबांपुढं त्यानं पुडा धरला तेव्हा साहेब म्हणाले, "आत खाद्यपदार्थ चालत नाहीत."

"बाहेर येऊन घ्या की साहेब."

"कामात आहे. ठेव तिकडे."

त्यानं एक पेढा कागदावर ठेवून खिडकीत ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तिथंच होता. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यानंतर आठवडाभर मशीन जरा अडखळलं तरी साहेब म्हणायचे, "मुंग्या आत गेल्या असणार."

आता एकवीस अक्षरांकडं येते.

दर वर्षी सगळ्या स्टाफची यादी पुण्याच्या हेड ऑफिसला जायची. नाव, हुद्दा, शिक्षण, विद्यापीठ, सगळं इंग्रजीत. ज्या ट्रेनींना कायम करायचं त्यांची नावंही त्याच यादीतून जायची. आमच्या विद्यापीठाचं जुनं इंग्रजी नाव मधली मोकळी जागा धरून बरोब्बर एकवीस अक्षरांचं होतं, आणि ज्यानं कोणी हा प्रोग्रॅम केला त्यानं विद्यापीठाचा कॉलम एकवीस अक्षरांचा ठेवला होता. नवं नाव दुपटीहून मोठं. प्रकाशची पदवी त्या उन्हाळ्यात हातात आली होती, नव्या नावाच्या पहिल्या प्रमाणपत्रांपैकी. मी त्याची माहिती टाकायला बसले, तर नाव मध्येच तुटलं. बाबासाहेबांच्या आडनावातलं शेवटचं अक्षर आत जाईना.

मी साहेबांना विचारलं. त्यांनी डायरी पाहिली. डायरीत काही नव्हतं.

"जुनंच नाव टाका," ते म्हणाले.

प्रकाश शेजारच्या खुर्चीत होता. तो उठला. "साहेब, माझ्या सर्टिफिकेटवर जे छापलंय तेवढं घाला. कमी नको, जास्त नको."

"साळवे, कॉलम एकवीसचा आहे. यात माझा काय दोष?"

"कॉलम वाढतो साहेब. पाच मिनिटांचं काम हाय."

"वाढतो म्हणजे? ती काय पँट आहे?"

"व्हय, पँटच समजा. पोरगं उंच झालं तर शिवण उसवून कापड सोडावंच लागतं."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. तपकिरीची डबी त्यांनी दोनदा उघडून बंद केली. मग आवाज खाली आणून, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "हे बघ, मला काही कुणाविषयी वाकडं नाही. तुमचे ते मोठे नेते होते, मी मानतो. पण मशीनला चळवळ कळत नाही. मशीनला एकवीस कळतं."

"मग पुण्यामुंबईच्या विद्यापीठांची नावं पुरी कशी बसतात?"

"ती लहान आहेत."

"लहान हाईत म्हणून पुरी, अन् आमचं मोठं म्हणून अर्धं?"

"इतर म्हणून टाकू का? 'इतर'ला पाचच अक्षरं लागतात इंग्रजीत. तुझाही मान राहील."

असा माणूस. लिहिताना आजही माझा हात गरम होतो. ते शिवी देत नव्हते, आवाज चढवत नव्हते. कुठल्याही पंचानं विचारलं असतं तर त्यांच्या तोंडून एक वावगा शब्द गेला नाही अशी साक्ष मलाच द्यावी लागली असती. कॉलमच्या आड उभं राहिलं की आपण कुणाला दिसत नाही, हे तेवढं त्यांना नक्की कळलेलं होतं. पुण्याच्या ट्रेनिंगला ते शिकवलं होतं का, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब साडेबाराला डबा घेऊन कँटीनला गेले. जेवण, मग गेटपर्यंत शतपावली, असा त्यांचा पाऊण तास ठरलेला. प्रकाश मला म्हणाला, "ताई, जरा दाराकडं लक्ष ठेवा."

"काय करतोयस?"

"कापड सोडतोय."

मी दाराशी उभी राहिले. शेखचाचा स्टुलावरून उठून जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रकाशनं खरंच पाच मिनिटांत कॉलम वाढवला. पण वाढलेल्या नावानं यादी कागदाबाहेर जायला लागली, शेवटचा कॉलम पार पुढच्या पानावर. मग त्यानं विद्यापीठाचं नाव शिक्षणाच्या खाली, दुसऱ्या ओळीत घेतलं. प्रत्येक माणसाला दोन ओळी. हे कसं करतो ते मी मान वळवून वळवून बघत होते, आणि तोही माझ्यासाठी सावकाश, एकेक पायरी तोंडानं सांगत करत होता. मग त्यानं स्वतःच्या नावापुढं विद्यापीठ टाकलं. पुरं. बाकीच्या चौघांचंही टाकलं, ज्यांच्या पदव्या नव्या नावाच्या होत्या. त्यातले दोघं तर नामांतराच्या विरोधातल्या घरांतले होते. "सर्टिफिकेटवर हाय ते घालायचं," तो म्हणाला.

यादी छापली आणि प्रकरण पेटलं. दोन ओळींमुळं पानं दुप्पट झाली होती. साहेबांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर त्या एसीत घाम आला. रागापेक्षा तो भीतीचा घाम होता. त्यांच्या मशीनमध्ये त्यांना न कळणारं काहीतरी झालं होतं, आणि ते सगळ्यांना कळणार होतं.

तासाभरात आम्ही पर्सोनेल मॅनेजरच्या केबिनमध्ये. साहेब म्हणाले, पासवर्ड चोरून मशीनशी छेडछाड झाली आहे.

"कुणी केलं?" मॅनेजरनं विचारलं.

"मी," प्रकाश म्हणाला.

"सोबत कोण होतं?"

"कुणी नव्हतं. एकट्यानं केलं."

मी दोन पावलांवर उभी होते. माझी नोकरी कायम होऊन वर्ष झालं होतं, घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. प्रकाशनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. यादी हातात धरून तो म्हणाला, "तसं हे वाचायला सोपं झालंय." पण विभागप्रमुखाचा लेखी रिपोर्ट समोर होता. ट्रेनिंगची मुदत महिनाअखेर संपत होती. ती वाढवायची नाही असं ठरलं. एवढंच. कुणी कुणाला काढलं नाही.

प्रकाशनं टेबलावरची वही आणि डबा घेतला. दाराशी चपला घालताना मला म्हणाला, "प्रिंट लावताना कागद सरळ धरत जा ताई, डावीकडं पळतो तो."

तो गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. यादीचं बंडल माझ्यापुढं टाकलं. "हे होतं तसं करून ठेवा."

मला येत होतं. एकेक पायरी पाठ होती. कॉलम पुन्हा एकवीसचा करायला मला पाच मिनिटंही लागली नसती.

"मला येत नाही साहेब," मी म्हणाले.

"त्यानं तुम्हाला दाखवलं नव्हतं?"

"नाही."

माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं धाडस ते एवढंच. केबिनमध्ये तोंड उघडलं नाही आणि इथं खोटं बोलले. साहेब दोन आठवडे निळी डायरी घेऊन मशीनपुढं बसत होते. एका बोटानं काहीतरी दाबायचे, मशीन पिपाणीसारखं वाजायचं, ते दचकून हात काढायचे. शेखचाचा बाहेरून विचारायचे, "साब, कुछ जल गया क्या?" शेवटी त्यांनी पुण्याच्या माणसाला बोलावलं. त्यानं प्रोग्रॅम उघडला, वरखाली पाहिला आणि म्हणाला, "वा, साफ काम आहे. आम्हीही हेच सुचवणार होतो, नव्या नावासाठी सगळीकडे करावं लागतंय. कुणी केलं?"

साहेबांनी स्वेटरची बाही सरळ केली.

"आमच्याच सेक्शननं," ते म्हणाले.

मी तिथंच होते.

त्यानंतर तेरा वर्षांनी साहेब निवृत्त झाले. तोवर काचेची खोली गेली होती, प्रत्येक टेबलावर मशीन आलं होतं, स्वेटरही गेला होता. विभाग प्रत्यक्षात मी चालवत होते आणि माझ्या हाताखाली सहा पोरंपोरी होती. ती ज्या वेगानं काम करायची ते बघून साहेब दिपून जायचे आणि त्यांना "जरा हळू" म्हणायचे. निरोप समारंभ कँटीनमध्ये होता. मागं फलक, 'कंपनीतील डिजिटल युगाचे शिल्पकार'. साहेब बोलायला उठले. बारा दिवसांचं ट्रेनिंग झालं, धूळ झाली, आणि मग ते म्हणाले, "विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची सिस्टिम अडली होती. आपली नाही. कारण मी आधीच कॉलम वाढवून ठेवला होता. इनोव्हेशन म्हणजे दुसरं काय? समाजाच्या पुढं एक पाऊल." टाळ्या पडल्या. माझ्या पोरांनीही वाजवल्या. त्यांना काय माहीत.

आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. मी माइकपाशी गेले आणि कागद वाचलाच नाही.

"साहेबांच्या बोलण्यात एक नाव राहून गेलं," मी म्हणाले. "तो कॉलम प्रकाश धोंडिराम साळवे यांनी वाढवला. ट्रेनी होते. त्याच कारणावरून त्यांची नोकरी गेली. त्यांनी तो वाढवला तेव्हा मी दाराशी पहारा देत होते, आणि विचारलं गेलं तेव्हा मी बोलले नाही."

साहेब खुर्चीत पुढं वाकले.

"कोण साळवे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. लबाडी शोधत होते. इतकी वर्षं ज्या लबाडीवर मी त्यांचा तिरस्कार पोसला होता ती त्या क्षणी तिथं असायला हवी होती. नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. एका माणसाची नोकरी खाल्ली, त्याचं काम आपल्या नावावर घातलं, आणि वर त्या माणसाला सुखानं विसरून गेले. मी पुन्हा नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ते शेजाऱ्याकडं वळून म्हणाले, "असेल बुवा. खूप पोरं येऊन गेली." मग कुणीतरी शाल पुढं केली आणि समारंभ चालू झाला.

नंतर समोसे घेताना माझ्या विभागातली एक मुलगी जवळ आली. बीडकडची, नवीनच लागलेली, विभागात सगळ्यात हुशार.

"मॅडम, ते साळवे सर आता कुठं असतात?" तिनं विचारलं. "एकदा बोलवू ना त्यांना."

तिच्या हातात मोबाइल होता, नंबर लिहून घ्यायला अंगठा तयार. तेरा वर्षांत मी एकदाही, कुणालाही, त्याच्याविषयी विचारलं नव्हतं.